रिसेटला मुहूर्त कसला पाहता?

फोन हळू चालतोय ना? मग विचार करत बसू नका, फॅक्टरी रिसेट मारा, म्हणजे आतलं सगळं पुसून फोन नव्यासारखा कोरा करा. कुणालाही विचारा, हेच सांगेल. इंदूरच्या राजेंद्रनगरात संध्याकाळी फिरायला निघालेले काका सांगतील, ज्यांच्या स्वतःच्या खिशात अजून बटणांचा फोन आहे. पुण्याहून सुटीला आलेला भाचा सांगेल, आणि सांगता सांगता फोन तुमच्या हातातून घेऊन सेटिंगमध्ये शिरेलसुद्धा. फोन तापतो? रिसेट. सूनबाईचा मेसेज दिसत नाही? रिसेट. बॅटरी दुपारीच मान टाकते? रिसेट. लिथियम आयन बॅटरी चार्ज होऊन होऊन म्हातारी होते, पुसापुशीनं तिचं वय कमी होत नाही, असं कुणी शहाणा सांगू लागला तर त्याला आधी बसवा. पोहे द्या, वर शेव आणि जिरावण मसाला जरा सढळ हातानं घाला. त्याचं तोंड भरलेलं आहे तोवर बटण दाबून मोकळे व्हा.

फोन कशानं भरला, हे शोधायच्या फंदात तर मुळीच पडू नका. सेटिंगमध्ये ‘स्टोरेज’ उघडलं की कुणी किती जागा अडवली ते फोन स्वतःच सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये तर कुठल्या ग्रुपनं किती खाल्लं याची उतरत्या क्रमानं यादीच मिळते. ही यादी पाहणं घरच्या शांततेला बरं नाही. पहिल्या नंबरावर तुमच्या सख्ख्या मोठ्या बहिणीनं काढलेला ग्रुप निघेल, मग रक्षाबंधनाला तोंड कुठे लपवाल?

आपण इंदूरकर. २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिले. घरच्या कचऱ्याचे सहा भाग करून देतो. सकाळी गाणं वाजवत गाडी दारात आली आणि सुक्यात केळ्याची साल निघाली, तर गाडीवाल्यापुढे मान खाली जाते. फोनमध्ये मात्र सूर्योदय, गुलाब, दत्तगुरू, आईच्या एक्स-रेचा फोटो, समग्र आयडीचा, म्हणजे आपल्या मध्य प्रदेशातल्या कुटुंबनोंदीच्या नंबराचा, स्क्रीनशॉट, नातवाचं पहिलं पाऊल आणि गुडघेदुखीवर कोमट पाण्याचा उपाय, सगळं एकाच डब्यात. देवगुराडियाच्या प्लांटमध्ये रोज शेकडो टन ओला कचरा गॅस करायला घेतात, पण ‘शुभ सकाळ’पासून काहीही तयार होत नाही. हे सगळं निवडायला बसलात तर अख्खा रविवार जाईल. त्यापेक्षा डबाच उलटा करा. नातवाला काय, पुन्हा चालायला लावता येईल.

वेळ निवडायची ती लग्नाला निघायच्या आदल्या रात्रीची. गाडीचं तिकीट फोनमध्ये, कार्यालयाचा पत्ता फोनमध्ये, मुलाकडच्यांपैकी स्टेशनवर कोण येणार त्याचा नंबरही फोनमध्येच, असा योग जुळला की समजा घटिका भरली. बॅटरी बारा टक्के असली तर उत्तमच. चार्जर आधीच बॅगेत तळाशी गेलेला असतो, त्याला वर काढण्याचे कष्ट घेऊ नका.

बॅकअप? ‘गूगलवर सगळं असतंच,’ असं म्हणायचं आणि पुढे जायचं. गूगल फुकटात १५ जीबी जागा देतं. त्यात मेल, फोटो, फायली आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपसुद्धा, सगळ्यांनी दाटीवाटीनं राहायचं. ती जागा भरली, असं फोन तुम्हाला केव्हाचा सांगतोय. तुम्ही त्या सूचना जाहिरात समजून बोटानं बाजूला सारता, तशाच सारत राहा. शिवाय रोज रात्री दोनच्या सुमाराला, म्हणजे सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडूची (तळलेल्या कंदाची) कढई जरा कुठे थंड व्हायला लागते तेव्हा, व्हॉट्सअ‍ॅप आपली एक प्रत फोनमध्येही ठेवत असतं. ही प्रत फोनच्याच पोटात असल्यामुळे रिसेटमध्ये ती आपसूक जाते, वेगळी पुसावी लागत नाही. आणि भाच्यानं मागच्या दिवाळीत तुमचा बॅकअप कुलूपबंद करून चौसष्ट आकडी किल्ली दिली असेल, तर ती फोनमधल्या नोंदवहीत लिहून ठेवली आहे ना? छान. कागदावर कशाला उतरवता, कागद हरवतात.

आता खरी गंमत. तुमचं जीमेल कुणी काढलं? आठवा. जेल रोडवर पहिला स्मार्टफोन घेतला तेव्हा काउंटरवरच्या मुलानं काढून दिलं. जन्मतारीख त्यानं मनानं टाकली. पासवर्ड काय ठेवला ते तोच जाणे, आणि वेळ पडल्यास कोड पाठवायला नंबर दिला तोही त्याचाच, कारण तुमचं सिम तेव्हा चालू व्हायचं होतं. तो मुलगा आता कुठे असेल? बहुधा त्याचं लग्न झालं आणि तो देवासला सासऱ्याच्या टाइल्सच्या दुकानात बसतो.

इतकी वर्षं त्या पासवर्डाची गरज पडली नाही. पण २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ आलं आणि त्याबरोबर एक सोय आली: फोन चोरून कुणी कोरा केला, तरी आधीचं खातं किंवा आधीचा पिन दिल्याशिवाय तो सुरूच होऊ नये. चोराला अडवायचं म्हणून केलेली ही व्यवस्था. चोराचं काय अडतं कल्पना नाही, पण सासरेबुवा हमखास अडकतात.

यातून सुटायचा सरळ मार्ग सेटिंगमधून जातो. तिथून रिसेट केलं की फोन आधी पिन विचारतो आणि मालकच पुसतोय अशी खात्री झाली की सहसा पुढे खातं मागत नाही. इतकं साधं काम कुणी करावं? आपण पॉवरचं आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबून धरायचं, काळ्या पडद्यावर बारीक अक्षरं उमटली की चष्मा न लावता खाली खाली जायचं आणि पुसून टाकायचं. असं केलं की खातं मागितलं जाणारच. पासवर्ड आठवत नाही म्हणून अगोदर बदलून घ्यायचा असेल, तर बदलल्या बदलल्या लगेच रिसेट करा. बदलल्यावर चोवीस तास थांबा असं गूगल स्वतः सांगतं, पण गूगलला कुठे पहाटेची गाडी पकडायची असते? भाच्याकडे आयफोन आहे म्हणून तो गालात हसत असेल, तर त्याला सांगा की त्यांच्याकडे असलं कुलूप २०१३ पासूनच आहे.

मग तुम्ही त्याच दुकानात जाल. काउंटरवर नवा मुलगा असेल. तो फोन उलटसुलट करून म्हणेल, ‘हो जाएगा भिया, टेंशन मत लो. बिल है क्या?’ बिल आहे, म्हणजे होतं. बिलाचा फोटो काढून तुम्ही फोनमध्ये जपून ठेवला होता आणि कागद सहाव्या डब्यात टाकला होता.

रिसेट करायचं नाही असा प्रसंग एकच, फोन विकताना. एक्स्चेंजमध्ये दीड हजार मिळाले की सिम काढायचं आणि फोन आहे तसा देऊन यायचं. मेमरी कार्डही राहू द्या, तेवढीच पुढच्याला मदत. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं होतं की जुन्या अँड्रॉइडचे विकत घेतलेले २१ फोन रिसेट करूनही त्यांतला मजकूर बाहेर काढता येत होता. हल्लीच्या फोनमध्ये तशी भीती फारशी नाही. आत सगळं कूटरूपात असतं, रिसेटमध्ये त्याची किल्लीच नष्ट होते, आणि उरतो तो निव्वळ चोथा. थोडक्यात, दुसऱ्याच्या हाती फोन देण्याआधी करायला हा उपाय एकदम चोख आहे. इतकी चोख गोष्ट दीड हजाराच्या फोनवर कशाला खर्च करायची? ती फोन हळू झाला की वापरावी.

समजा, पूर्वपुण्याईनं खातं उघडलं. आता पडदा विचारेल, जुनं सगळं परत आणू का? ‘हो’ म्हणा. तुमचा शेवटचा बॅकअप ती १५ जीबी भरली त्या दिवसाचा आहे, म्हणजे दोन दिवाळ्यांपूर्वीचा. तेव्हाचे सारे सूर्योदय परत येतील. गुलाब येतील, दत्तगुरू येतील, कोमट पाणी येईल. नातवाचं पाऊल त्यानंतरचं, ते येणार नाही. मधल्या काळातल्या गुलाबांची चिंता नको, ताईच्या ग्रुपवर उद्या सकाळी सहापासून पुरवठा सुरू होईल. आठवड्याभरात फोन पहिल्यासारखा अडखळू लागेल. त्यावर काय करायचं ते काकांना विचारा.

राहता राहिलं पैशाचं. पैसे देण्याचं अ‍ॅप पुन्हा टाकावं लागेल आणि तुमचा फोन तो तुमचाच, हे बँकेला पटावं म्हणून तुमच्या सिमवरून एक एसेमेस जावा लागेल. तो जाणार नाही. रिचार्ज परवाच संपला. रिचार्ज तुम्ही त्याच अ‍ॅपवरून करता. तेव्हा दुकानात जाताना रोख रक्कम न्या, आणि किती लागतील ते मुलाला फोन करून विचारायच्या भानगडीत पडू नका. त्याचा नंबर पाठ आहे का तुम्हाला?