एक काना कमी

गेल्या मंगळवारी बँकेने मला कळवले की मी ती नव्हेच. आधार कार्डावर लोपामुद्रा आहे आणि बँकेच्या दप्तरी लोपमुद्रा. बावीस वर्षांपूर्वी खाते उघडताना कोणाच्या तरी बोटाखालून इंग्रजी स्पेलिंगमधला एक 'ए' निसटला, म्हणजे मराठीत सांगायचे तर माझा एक काना गेला, आणि एवढी वर्षे त्या कान्यावाचून माझा पगार बिनबोभाट जमा होत राहिला. केवायसीच्या नव्या फेरीत मात्र संगणकाला ही तफावत एकाएकी सहन होईनाशी झाली आणि त्याने माझे खाते गोठवून टाकले. मूळ कागदपत्रे आणि त्यांच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन मी सकाळी साडेदहाला शाखेत हजर झाले.

"काय काम आहे?" दोन नंबरच्या खिडकीतून प्रश्न आला.

"लोपामुद्रा. नावात दुरुस्ती..."

"मुद्रा लोन चार नंबरला."

चार नंबरच्या खिडकीतल्या तरुणाने मान वर न करता विचारले, "शिशु, किशोर की तरुण?"

माझे वय सेहेचाळीस आहे. प्रश्न इतका अनपेक्षित होता आणि तिसरा पर्याय इतका मोहक, की 'तरुण' हा शब्द माझ्या ओठांवर आलाच होता. पंतप्रधान मुद्रा योजनेत शिशु म्हणजे 50 हजारांपर्यंतचे कर्ज, किशोर म्हणजे 5 लाखांपर्यंतचे आणि तरुण म्हणजे 10 लाखांपर्यंतचे, हे मला त्याच्या टेबलावरच्या पत्रकावरून कळले. ही योजना एप्रिल 2015 मध्ये सुरू झाली. माझे नाव त्याआधी तीन हजार वर्षे तरी वापरात आहे; पण ज्येष्ठतेचा हा मुद्दा खिडकीवर मांडण्यासारखा नव्हता. मी फक्त मला कर्ज नको असल्याचे सांगितले. ते ऐकून त्याचा माझ्यातला रस संपला, त्याने मला परत दोन नंबरकडे पाठवले आणि मी पोहोचेपर्यंत दोन नंबरवर जेवणाच्या सुट्टीची पाटी लागली होती.

अगस्ती ऋषी दक्षिणेकडे निघाले तेव्हा त्यांनी वाढत सुटलेल्या विंध्य पर्वताला वाकायला लावले आणि मी परत येईपर्यंत असाच राहा असे बजावले. ते परत आलेच नाहीत, आणि विंध्य अजून वाकलेला आहे. ही गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक होती, कारण लोपामुद्रा ही त्याच अगस्तींची पत्नी. पण विंध्याची बाजू मला त्या बाकावर बसल्यावर प्रथमच कळली.

बाकावर माझ्या शेजारी साधारण सत्तरीचे एक काका बसले होते. ते हयातीचा दाखला द्यायला आले होते, म्हणजे त्यांना आपण आहोत हे सिद्ध करायचे होते आणि मला आपण कोण आहोत हे. खिडकीवरचा माझा संवाद त्यांनी पूर्ण ऐकलेला होता आणि तो ऐकल्याबद्दल त्यांना जराही संकोच वाटत नव्हता.

"लो वरून नाव आहे का हो तुमचं?" त्यांनी विचारले.

मी होकार दिला. आजवर माझ्या नावावर ज्या प्रतिक्रिया मिळाल्या त्यांत "काय?", "परत सांगा", "साउथचं आहे का?" आणि "बरं, घरी काय म्हणतात?" या चार प्रमुख आहेत. त्यांतली चौथी मला सर्वांत झोंबते, कारण विचारणाऱ्याने मनाशी ठरवलेले असते की एवढे नाव काही खरे असणार नाही आणि घरात कुठेतरी पिंकी किंवा सोनू असणार. (घरी लोपामुद्राच म्हणतात. आजोबांची सक्त ताकीद होती. शाळेत मात्र 'लोप्या' म्हणत, तिथे आजोबांचे काही चालले नाही.) काकांची प्रतिक्रिया या चारांत नव्हती. त्यांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा उजळला. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक छोटी डायरी काढली, चष्मा बदलला आणि सांगितले की रविवारी त्यांच्या नातीचे बारसे आहे, नक्षत्र भरणी, चरण चौथा, अक्षर 'लो', आणि गेले नऊ दिवस सगळे घर 'लो' शोधत आहे.

"लोचना सुचवलं मी. सून म्हणाली, शाळेत पोरं लोचा म्हणतील."

"म्हणतीलच," मी अनुभवाने म्हणाले.

"लोहिता निघालं एक. व्याही म्हणाले, लोखंडाचं दुकान वाटतं. आता तुमचं सांगा. अर्थ काय, मूळ कुठलं आणि सध्या चलनात आहे का?"

हे तीन प्रश्न मला इतक्या व्यवस्थित क्रमाने आजवर कोणी विचारले नव्हते. खिडकी बंद होती, टोकन माझ्या हातात होते आणि आजोबांनी पाठ करून घेतलेले सगळे चाळीस वर्षे आत साठून होते. मी सांगायला सुरुवात केली.

"लोप म्हणजे नाहीसे होणे..."

"आणि मुद्रा म्हणजे पैसा," काकांनी वाक्य हातात घेतले. "म्हणजे नोटाबंदी!"

संपूर्ण बाक हसला. ही कोटी मी 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्रीपासून ऐकत आले आहे आणि प्रत्येक सांगणाऱ्याची समजूत अशी असते की ती त्यालाच प्रथम सुचली. मी संयमाने सांगितले की इथे मुद्रा म्हणजे नाणे नव्हे, तर रूप, ठसा, ओळखीचे लक्षण. महाभारताच्या वनपर्वात कथा आहे: अगस्तींना आपले पूर्वज एका खड्ड्यात उलटे लटकलेले दिसले, वंश चालवल्याशिवाय आमची सुटका नाही असे त्यांनी सांगितले, पण ऋषींना मनाजोगी मुलगी कुठे मिळेना, तेव्हा त्यांनी निरनिराळ्या प्राण्यांचा जो जो अवयव सर्वांत सुंदर, तो तो मनाने गोळा करून एक मुलगी निर्माण केली. हरिणीचे डोळे हरिणीपेक्षा हिलाच शोभू लागले, त्यामुळे बिचाऱ्या हरिणीची मिरवण्यासारखी खूण लोपली. जिच्यापुढे इतरांच्या मुद्रेचा लोप होतो ती लोपामुद्रा, अशी या नावाची फोड परंपरेने सांगतात.

काकांची हयात वर्कशॉपमध्ये गेली होती. ते क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, "म्हणजे असेंबल केलेली. सुटे पार्ट वेगवेगळ्या गाड्यांचे."

मी हो म्हणाले. याहून नेमके मलाही सांगता आले नसते.

आजोबा संस्कृतचे शिक्षक होते आणि लोप या शब्दाबद्दल ते फार हळवे होते. पाणिनीचे सूत्र आहे, 'अदर्शनं लोपः'; जे असायला हवे पण दिसत नाही, त्याला लोप म्हणायचे. ते नष्ट झालेले नसते, फक्त दिसत नसते, आणि व्याकरणात त्याचा परिणाम पुष्कळदा तसाच चालू राहतो, हे ते मला पुन्हा पुन्हा समजावत. दहा वर्षांच्या मुलीला या माहितीचा काही उपयोग नव्हता. सेहेचाळिसाव्या वर्षी, बंद खिडकीसमोर, ती फारच उपयोगाची वाटली.

"मूळ?" काकांनी डायरीत पुढचा रकाना पाडला.

"माहेर विदर्भ," मी म्हणाले.

"नागपूर की अमरावती?"

"माझे नाही हो, लोपामुद्रेचे." अगस्तींनी निर्माण केलेली ती मुलगी विदर्भाच्या राजाने आपली म्हणून वाढवली. ती मोठी झाल्यावर अगस्तीच तिला मागणी घालायला आले. राजाला हे मुळीच पसंत नव्हते, पण शापाच्या भीतीने नाही म्हणवेना. शेवटी मुलीनेच बापाला सांगितले की मला देऊन टाका आणि मोकळे व्हा. तिने दागिने उतरवले आणि वल्कले नेसली. इथपर्यंत आजूबाजूच्या दोन-तीन बायकाही ऐकू लागल्या होत्या. पुढचा भाग मला सर्वांत प्रिय आहे. पुष्कळ तप झाल्यावर ऋषींना संसाराची आठवण झाली, तेव्हा ती म्हणाली की या वल्कलात मला जमणार नाही. माझ्या माहेरी होते तसे शयन, तसे अलंकार असतील तर बोला. ऋषी म्हणाले, माझ्याकडे पैसा नाही, आणि तपाच्या जोरावर आणला तर तप खर्ची पडेल. मग ते मागायला निघाले. श्रुतर्वा, ब्रध्नश्व आणि त्रसदस्यू या तीन राजांकडे गेले आणि तिघांनीही काय करावे? आपला जमाखर्च पुढे ठेवला. तिन्ही ठिकाणी आय आणि व्यय तंतोतंत सारखे! त्यातून काही घेतले तर प्रजेला त्रास होईल म्हणून अगस्तींनी एकाकडूनही काही घेतले नाही.

"तिघांचाही ताळेबंद जुळला?" काकांनी संशयाने विचारले. "ऑडिट झालं होतं का?"

अखेर धन मिळाले ते इल्वल नावाच्या असुराकडे. तो आपल्या भावाला, वातापीला, बोकड करून पाहुण्यांना वाढत असे आणि नंतर हाक मारून पाहुण्याच्या पोटातून बाहेर बोलावत असे. अगस्तींनी वातापी पचवला. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पण त्या जेवणाला ऋषी मुळात गेले कशासाठी, हे कोणी विचारत नाही. ते बायकोने मागितलेल्या दागिन्यांसाठी गेले होते.

माझे असे ठाम मत आहे की या नावाचे घोडे इथेच पेंड खाते. मैत्रेयी पाहा. तिचे पती याज्ञवल्क्य ऋषी संपत्तीची वाटणी करू लागले तेव्हा तिने विचारले, ज्याने मी अमर होणार नाही ते घेऊन काय करू? आई-वडिलांना हे उत्तर आवडते आणि गल्लोगल्ली मैत्रेयी असतात. गार्गीने भर सभेत याज्ञवल्क्यांना भंडावून सोडले, पण तीही खर्चाचे काही बोलली नाही. लोपामुद्रेने मात्र नवऱ्यापुढे स्पष्ट यादी ठेवली. त्याहून कठीण म्हणजे ऋग्वेदात, पहिल्या मंडलाच्या 179 व्या सूक्तात, तिच्या स्वतःच्या ऋचा आहेत आणि त्यांत ती सरळ म्हणते की कित्येक शरद ऋतू मी रात्रंदिवस राबते आहे, एकेक उषा मला म्हातारी करत चालली आहे, आता नवऱ्याने जवळ यावे. हे बारशाच्या पाळण्यात कसे म्हणणार? मी काकांना फक्त पहिला अर्धा भाग सांगितला.

"राबते आहे, हे बरोबर आहे," पलीकडच्या बाई म्हणाल्या.

उरला प्रश्न चलनाचा. बंगाल आणि ओडिशात हे नाव रुळलेले आहे. लोपामुद्रा मित्र या बंगाली गायिका तर प्रसिद्धच आहेत. त्यामुळे कस्टमर केअरवरचे लोक माझे नाव वाचून कधीकधी थेट बंगालीत सुरू होतात. एकदा मी कोलकात्याला गेले होते, तेव्हा हॉटेलच्या नोंदवहीत तिथल्या माणसाने माझे नाव एका दमात, न विचारता, अचूक लिहिले आणि मला उगाचच भरून आले. आपल्याकडे लोपामुद्रा राऊत या नागपूरच्या मॉडेल 'बिग बॉस'मध्ये दिसल्या तेव्हा वाटले की आता दिवस पालटतील. काही महिने लोक मला "त्या बिग बॉसवाल्या का?" असे विचारत होते, आणि पाहताच स्वतःच उत्तर देत होते.

काकांनी सगळे टिपून घेतले आणि फोन लावला. त्यांचा फोन स्पीकरवरच असतो, असे दिसले.

"अरे, मिळालं नाव! लो वरूनच. लोपामुद्रा. लो... पा... अरे लोन नाही, नाव! अर्थ फार मोठा आहे, घरी आल्यावर सांगतो. इथे बँकेत एक ताई आहेत, त्यांचंच आहे."

"त्या बँकेत कशाला आल्यात?" मुलाने विचारले.

"नाव दुरुस्त करायला."

पलीकडे शांतता पसरली. तेवढ्यात मागून एका बाईमाणसाचा आवाज आला, "नको हं बाबा," आणि त्या तीन शब्दांत जी काळजी होती तिच्यावर रागावणेही मला जमले नाही. आपल्या मुलीने सेहेचाळिसाव्या वर्षी साडेदहापासून बाकावर बसावे असे कोणत्या आईला वाटेल?

काकांनी फोन ठेवला आणि माझे सांत्वन केले. "मनाला लावून घेऊ नका ताई. तसं अनाया ठरलंच आहे. हाक मारायला सुटसुटीत." (आमच्या इमारतीत तीन अनाया आहेत. तिघींच्या आयांनी मला वेगवेगळे सांगितले आहे की त्यांना जरा वेगळे नाव हवे होते.) "लो फक्त जन्मनावापुरतं पाहत होतो. तुमचं नाव पत्रिकेत घालायला सांगतो गुरुजींना. तिथे कोण बघतंय?"

दोन नंबरची पाटी निघाली. उठताना माझे लक्ष त्यांच्या डायरीकडे गेले. भरणीच्या खाली त्यांनी सुवाच्य अक्षरात 'लोपमुद्रा' असे लिहिले होते. मी त्यांचे पेन मागून घेतले आणि तिथल्या तिथे काना दिला.

बँकेने या कामाला कामकाजाचे तीन दिवस लागतील असे सांगितले होते. आज पाचवा आहे.