मोजून सहाशे

संपादकबाईंचा निरोप आला, "लेख पाठवा, पण मोजून सहाशे शब्द." शब्द मोजायची सोय लिहायच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आयतीच असते, हे मलाही ठाऊक आहे. पण कॉलेजात असताना मी सी ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकलो होतो आणि तो अभिमान जुन्या गुडघेदुखीसारखा अधूनमधून उसळतो. "पंधरा ओळींचा प्रोग्राम. आत्ता लिहितो," मी जाहीर केलं. लेकीने मान वर न करता विचारलं, "बाबा, आणि लेख?"

"आधी माप, मग कापड," मी म्हणालो.

युक्ती सोपी होती. दोन शब्दांमध्ये एक स्पेस असते, तेव्हा स्पेस मोजायच्या आणि एक मिळवायचा. लिहिलं, कंपाइल केलं, तर सतरा चुका. सतराही चुकांचं मूळ एकच, मी न दिलेला एक अर्धविराम. कंपायलर, म्हणजे आपलं लिखाण संगणकाच्या भाषेत उतरवणारा दुभाषा, हा रुसलेल्या माणसासारखा असतो. खरं कारण सोडून बाकी सगळ्याबद्दल तक्रार करतो.

मग प्रोग्राम चालू केला. तो गप्प. कर्सर लुकलुकतोय. मी त्याची वाट पाहतोय आणि तो माझी, हे कळायला दहा मिनिटं गेली. वाक्य टाइप केलं, एंटर दाबलं, तरी गप्प. माझं बोलून झालं हे त्याला कंट्रोल-डी दाबून कळवावं लागतं (विंडोजवर कंट्रोल-झेड आणि वर एंटर). "राम वनात गेला"चे तीन शब्द आले. मी खुर्चीत रेललो.

ते सुख एका परिच्छेदापुरतं टिकलं. विचार करताना स्पेसबार बडवत बसायची मला सवय आहे. चाळीस शब्दांच्या मजकुराचे त्रेसष्ट झाले. म्हणजे माझा न सुचण्याचा वेळही मोजला गेला होता. उलट, ओळ संपते तिथे स्पेस नसल्याने या ओळीचा शेवटचा आणि पुढच्या ओळीचा पहिला हे दोन शब्द एकमेकांना चिकटत होते.

खरी रीत वेगळी आहे. मोकळी जागा मोजायचीच नाही. आपण शब्दाच्या आत आहोत की बाहेर, एवढं लक्षात ठेवायचं. स्पेस, टॅब किंवा नवी ओळ आली की बाहेर. बाहेर असताना दुसरं काही आलं की नवा शब्द सुरू, तेव्हाच आकडा एकाने वाढवायचा. मग मध्ये स्पेस एक असो की चाळीस. हे मला सुचलं याचा आनंद इतका झाला की मी एक कंस विसरलो.

त्या कंसाने माझी संध्याकाळ खाल्ली. वाचलेलं अक्षर आधी चलात, म्हणजे ते साठवायच्या डबीत, ठेवायचं आणि मग फाइल संपली का ते पाहायचं, असं मला म्हणायचं होतं. पण सी मध्ये तुलना आधी होते, ठेवणं नंतर. त्यामुळे चलात अक्षराऐवजी तुलनेचं उत्तर जाऊन बसलं, "खरं", म्हणजे 1. प्रत्येक अक्षराच्या जागी 1. स्पेससुद्धा 1. तीन वाक्यं दिली, शब्द एक. अख्खा जुना लेख दिला, शब्द एक. सारांशाची इतकी कमाल मी कुठल्याही समीक्षकात पाहिलेली नाही.

पुढचा घोळ नावातच होता. सी मध्ये अक्षराच्या प्रकाराला "चार" म्हणतात, आणि त्यात मावतो एक बाइट, म्हणजे संगणकातला साठवणीचा एक छोटा कप्पा. आपलं देवनागरी चिन्ह मागतं तीन. नाव चार, जागा एक, गरज तीन! "नमस्ते"ची अक्षरं मोजली तर अठरा आली. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत हे असंच असतं. ती पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी 1992 मध्ये आखली आणि एक उपकार करून ठेवला. तीन बाइटच्या चिन्हातला एकही बाइट स्पेससारखा दिसत नाही. त्यामुळे माझ्या अडाणी प्रोग्रामला मराठीचं एक अक्षर ओळखता येत नसूनही शब्द मात्र बरोबर मोजता येतात. अशी माणसंही माझ्या माहितीत आहेत.

पण शब्द म्हणजे तरी काय? "घरासमोरच्यांनीसुद्धा" हा एक शब्द. हेच इंग्रजीत सांगायला अर्धा डझन लागतात, म्हणजे सहाशेच्या हिशेबात मराठी लेखक सरळसरळ तोट्यात. "इ. स. 1972" हे तीन, आणि स्पेस न देता लिहिलं तर एक. दोन्ही बाजूंना जागा सोडून मारलेली नुसती रेघ हाही एक शब्द. मानधन शब्दावर असतं तर मी रेघाच मारत बसलो असतो.

रात्री लेक मागे येऊन उभी राहिली. "बाबा, डब्ल्यूसी."

"जा की. विचारतेस काय?"

"अरे, कमांड! वर्ड काउंट." युनिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या 1971 च्या पहिल्या आवृत्तीपासून ही दोन अक्षरी आज्ञा शब्द मोजते आहे म्हणे. जुन्या लेखावर तिने ती चालवली, 587. मी श्वास रोखून माझा प्रोग्राम चालवला, 587! तीही क्षणभर चकित झाली, हे मी पाहिलं.

"आता नवा लेख मोज," ती म्हणाली.

मी ऐटीत नव्या लेखाची फाइल दिली. उत्तर आलं, 0. कंस तपासले, अर्धविराम तपासले, आत-बाहेर पुन्हा कागदावर मांडलं. अर्धा तास झाला तरी चूक सापडेना. शेवटी फाइल उघडून पाहिली.

प्रोग्राम अगदी बरोबर होता.