अकराव्या वचनाआधी दहावं आहे

ताई, जय ख्रिस्त.

संदेष्ट्यांच्या इशाऱ्यांवरच्या माझ्या मागच्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की संदेष्ट्यांचे इशारे त्या काळच्या इस्राएलासाठी होते आणि आपण तर कृपेखाली आहोत, म्हणजे ख्रिस्तामुळे देवानं आपल्याला क्षमा केली आहे. मग आधीच थकून मंडळीत येणाऱ्या माणसाला आणखी घाबरवून काय मिळतं? शेवटी यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ हे वचन दिलंत, देवाचे संकल्प हिताचे आहेत म्हणून.

घाबरवण्याचं आधी कबूल करतो. भूकंप झाला की बायबलातलं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, उघडून जगाच्या शेवटाच्या तारखा काढणारे लोक मलाही नकोसे होतात. मागच्या लेखात माझाही सूर एके ठिकाणी चढलाच होता.

पण तुम्ही दिलेल्या वचनाच्या एकच ओळ वर जा. दहावं वचन म्हणतं, बाबेलची ७० वर्षं भरल्यावर. हे यिर्मयाचं पत्र आहे, घरदार सुटून बाबेलात (बॅबिलोनात) बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, इतक्यात परत येणं नाही, असं त्यात आहे. ज्या बापानं ते ऐकलं, त्याच्या हयातीत सुटका बहुधा येणारच नव्हती. आशा खरी होती, पण त्या ७० वर्षांच्या पलीकडची. आपण मात्र अकरावं वचन तेवढं कापून चौकटीत लावतो. (कापण्यावरून आठवलं: यिर्मयाच्या गुंडाळीचे तीन-चार रकाने वाचून झाले, की यहोयाकीम राजा तेवढा भाग चाकूनं कापून शेगडीत टाकायचा. आपण त्या मानानं सभ्य. जाळत नाही, नुसतं वाचायचं सोडून देतो.)

एक अध्याय मागे हनन्या भेटतो, गोड भविष्य सांगणारा दुसरा संदेष्टा. तो मंदिरात, सगळ्यांदेखत सांगतो, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. त्यावर यिर्मया पहिला शब्द काय बोलतो? आमेन! परमेश्वर असंच करो. मी या शब्दापाशी दर वेळी अडतो. हनन्याचं खरं ठरावं, असं यिर्मयालाही वाटत होतं. तेव्हा माझ्यासारख्याला जरूर विचारा, इशारा देताना तुझ्या तोंडी आधी आमेन होतं का? मागच्या लेखात ते कमी पडलं.

आता कृपेचं. प्रकटीकरणातली सात पत्रं मंडळ्यांनाच लिहिलेली आहेत, आणि बोलणारा खुद्द पुनरुत्थित ख्रिस्त आहे. सातांपैकी स्मुर्णा आणि फिलदेल्फिया सोडल्या तर बाकी पाचांची कानउघाडणी होते. 'मी दाराशी उभा आहे' हे आपण बाहेरच्यांना ऐकवतो. मुळात ते त्या सातांपैकीच लावदिकीयाच्या कोमट मंडळीला आहे, म्हणजे मंडळीच्याच दाराबाहेर तो उभा आहे.

राहिला तुमचा थकलेला माणूस. त्याच्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं. पण तो कशानं थकलाय, हे कोणी विचारतं का? याकोबाच्या पत्रात (५:४) मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते, आणि ते ओरडणं देवाच्या कानी जातं. धनवानाला हे वचन बोचेल. त्या मजुराला मात्र आपलं कोणीतरी ऐकलं, असं वाटेल. दोघं एकाच बाकावर बसलेले असू शकतात, ताई. पाळकानं ते वचन गाळून गोड प्रवचन केलं, तर त्या दोघांपैकी कोण निश्चिंत घरी जाईल?