मोटर वर घ्यावी का?

रविवारी सकाळी सेव-उसळीचा पहिला घास तोंडाजवळ नेला आणि फ्लोरिडाहून भाच्याचा व्हिडिओ कॉल. तिकडे शनिवारची रात्र, म्हणजे पठ्ठ्याला वेळच वेळ. उथळ पाण्यात मासे धरायला त्यानं सपाट बुडाची बोट घेतलीय.

"मामा, मोटर वर घेऊ का? तुला अनुभव आहे ना!"

अनुभव आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदी आमच्या सोसायटीत शिरली आणि पाण्याची मोटर बुडाली. ती तीन फुटांच्या स्टँडवर घ्यायची की नाही, यावर तेव्हापासून मी सेक्रेटरी म्हणून सभा घेतोय.

बोटीची मोटर मागच्या फळीला टांगलेली असते. दोघांच्या मधे जॅक प्लेट नावाचा ब्रॅकेट बसवला, की ती सरळ वर-खाली होते. नुसती तिरकी केली, तर पंख्याचा जोर भलतीकडे जातो आणि बोट नाक वर करते. सरळ उचलली, की पंखा तळाला घासत नाही. तिथल्या संरक्षित पाण्यात पंख्यानं समुद्रगवत उपटलं तर दंड होतो म्हणे.

"मग बसव की," मी म्हणालो. घास अजून हातातच.

"पण प्लेटमुळे मोटर सहा इंच मागे जाते. मागे वजन वाढलं की बोट ढुंगणावर बसते. उभी असताना उलट जास्तच बुडते!"

उथळ पाण्यासाठी पैसे मोजायचे आणि बोट खोल बुडवायची. हायड्रॉलिक प्लेट तर हजार डॉलरांच्या वर.

"शिवाय फार वर घेतली तर थंडाव्याचं पाणी ओढणारी जाळी उघडी पडते, मोटर तापते. पंखाही हवा खातो. आवाज मोठा, बोट जागच्या जागी."

इथं मी ताठ बसलो. आमच्या प्लंबरनं टाकीशी उकिडवं बसून, पाइपाला टिचकी मारत हेच तर सांगितलं होतं: "काका, ऊंची लेशो तो हवा पकडशे." दोन वर्षांच्या सभांमधलं तेवढं एकच वाक्य ऐकण्यासारखं होतं, इतिवृत्तात नेमकं तेच नाही.

"मोटरच्या ब्रॅकेटला भोकं किती?"

"एकाखाली एक, तीन-चार. पाऊण-पाऊण इंचावर."

"मग डॉलर ठेव खिशात. बोल्ट काढ, एक भोक वर घे, आणि बाजूच्या नळीतून थंडाव्याच्या पाण्याची धार येते का बघ."

"परक्याची मोटर दहा मिनिटांत वर!" स्वयंपाकघरातून आवाज आला. उसळ एव्हाना गार झाली होती आणि शेव मऊ.

गुरुवारी फोटो आला. मोटर एक भोक वर, बाजूनं करंगळीएवढी धार. खाली दोन ओळी: 'थँक्स मामा. आता पंखा चार पात्यांचा घेऊ का?'

मी फोन उलटा ठेवला आणि जिन्यात सभेची नोटीस लावून आलो. विषय क्रमांक ३: मोटर वर घेणेबाबत. कागद गेल्या वर्षीचाच आहे, साल तेवढं पेनानं बदललंय.