तणनाशक जरूर मारा, पण आधी रानाला खायला घाला

सोयाबीन पंधरा-वीस दिवसांचं झालं की शिवारात सगळीकडे पंप सुरू होतात. निंदायला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही, वर पाऊस वापसा येऊ देत नाही. म्हणून तणनाशक मारणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. माझा राग आहे तो 'थोडं वाढवूनच टाका' या सल्ल्यावर.

सोयाबीनमध्ये मारायच्या इमॅझेथापायर १० टक्के या तणनाशकाची शिफारस हेक्टरी १ लिटर, म्हणजे एकरी ४०० मिली. हे औषध तणातलं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतं. तेच विकर मातीतल्या जिवाणूंतही असतं. ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाचंही तसंच. ते ज्या क्रियेवर घाव घालतं ती माणसाच्या शरीरात होत नाही, पण बुरशीत आणि बऱ्याच जिवाणूंत होते. पेरताना बियाण्याला रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून पिकाला हवेतलं नत्र देणारे जिवाणू, चोळायचं आणि त्या गाठी धरायच्या दिवसांतच दुप्पट डोस ओतायचा, हे मला पटत नाही.

शिफारशीएवढं एकदा मारलं तर जमीन बहुधा सावरते, हेही खरं. कारण औषध फोडून संपवतात तेही जिवाणूच! मात्र ज्या रानात वर्षानुवर्षं शेणखत नाही, काड पेटवून दिलंय आणि पावसानेही ताण दिलाय, तिथे ते संपवणार कोण? मग उरलेलं औषध रब्बीत ज्वारी-मोहरीला भोवतं आणि आपण बियाण्याला दोष देतो.

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या एसआरटी (सगुणा रिजनरेटिव्ह टेक्निक) या शेतीपद्धतीत तणनाशक वापरतात, पण नांगरट नाही आणि आधीच्या पिकाची मुळं जागेवरच कुजू देतात. तिथे गांडुळं वाढल्याचं शेतकरी सांगतात. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. जिवाणूंना खायला असेल तर ते एखादी फवारणी पचवतात. काड पेटवणारा आणि डोस वाढवणारा बऱ्याचदा एकच असतो, याचं मला फार वाईट वाटतं.

यंदा चार ओळी न फवारता सोडा, त्या हाताने निंदा. फुलोऱ्यात दोन्हीकडचं एकेक झाड खुरप्याने मातीसकट काढा. उपटू नका, गाठी तुटून मातीत राहतात. मुळ्या पाण्यात धुवा, गाठी मोजा, एखादी नखाने फोडा. आत लालसर गुलाबी असेल तर नत्राचं काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट असेल तर नाही. दोन्ही मुळ्यांचा फोटो कमेंटमध्ये टाका, सोबत एकरी किती मिली मारलं आणि शेणखत शेवटचं कधी घातलं होतं तेही लिहा.