इन्कम टॅक्सचा कायदा एवढा लांबतो कशामुळे

इन्कम टॅक्सचा कायदा मुद्दाम किचकट करून ठेवलाय, सीए लोकांची दुकानं चालावीत म्हणून, असं लोक बिनधास्त बोलतात. मी वाशीत एपीएमसीतल्या व्यापाऱ्यांचे हिशोब बघतो आणि मला हे अजिबात पटत नाही. कायदा लांबतो तो आपल्या सगळ्यांमुळे, पळवाट काढणाऱ्यांमुळे आणि सवलत मागणाऱ्यांमुळेही.

कॅश खर्चाचंच कलम घ्या, १९६१ च्या कायद्यातलं ४०ए(३). मुद्दा एका ओळीचा: मोठी रक्कम रोखीत दिली तर तो खर्च धंद्यातून वजा मिळणार नाही. २००८ च्या सुमारास लिमिट होतं २० हजार. मग एकाच पार्टीला एकाच दिवशी १९-१९ हजारांची तीन व्हाउचरं बनायला लागली, म्हणून २००८ मध्ये सरकारला लिहावं लागलं की एका माणसाला दिवसभरात दिलेली सगळी रक्कम एकत्र धरायची. पुढच्याच वर्षी ट्रकवाल्यांसाठी ३५ हजारांचं वेगळं लिमिट आलं, कारण लांब पल्ल्याच्या गाडीला वाटेत रोकड लागतेच, हे मार्केटच्या गेटवर उभं राहिलं तरी कळतं. शेतकऱ्याला मालाचे पैसे रोख दिले तर चालतं, पण तोच कांदा दलालाकडून घेतला तर नाही, त्याचा नियम अजून वेगळा. २०१७ पासून लिमिट १० हजारांवर आलं, ट्रकचं ३५ तसंच राहिलं. यातली एकही ओळ मला फालतू वाटत नाही, प्रत्येकीमागे कुणाची तरी खरी अडचण आहे नाहीतर कुणाची तरी चलाखी.

एचआरए म्हणजे घरभाडे भत्त्याचं तसंच. जुन्या रिजीममध्ये, म्हणजे सवलतीवाल्या जुन्या कर पद्धतीत, मुलुंड चेकनाक्याच्या त्या बाजूला मुंबईत राहिलात तर सवलतीचा हिशोब पगाराच्या ५० टक्क्यांवर, या बाजूला ठाण्यात ४० वर. ठाणेकरांचा राग बरोबरच आहे हो, घोडबंदरची भाडी बघा! पण ५० टक्क्यांच्या यादीत ठाणं घातलं की कल्याण विचारणार, पनवेल विचारणार.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी २०२५ चा कायदा, पाच लाखांवर शब्द होते ते जवळपास निम्मे केले. भाषा सोपी झाली हे चांगलंच झालं, पण जुन्या रिजीमच्या बहुतेक सवलती तशाच आहेत, त्यामुळे आमचं काम काही निम्मं होत नाही. माझ्या मते खरा उपाय म्हणजे दर कमी आणि सवलती मोजक्याच. आणि सवलत द्यायचीच असेल तर ती संपायची तारीख घालूनच द्या, आणि ती तारीख आली की मुदतवाढीचं निवेदन घेऊन कुठलीच संघटना दिल्लीला जाऊ नये, आमच्या मार्केटमधलीसुद्धा.