‘जंगलात कोण पावडर देतं?’ : शॅमेलिऑन पाळणाऱ्यांत फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

हौसेने शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) पाळणाऱ्यांमध्ये हा मेसेज पुन्हा फिरतोय : ‘कॅल्शिअमची पावडर म्हणजे दुकानदारांची कमाई. जंगलात कोण पावडर देतं? भरपूर रातकिडे द्या, पिंजरा उन्हाच्या खिडकीत ठेवा. पाय वाकलेच तर कॅल्शिअम सुरू करा, महिन्यात सरळ होतात.’ यावर विश्वास ठेवून वाढवलेली पिल्लं मी पाहिली आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी जंगल. आपल्याकडे बहुतेक जण पाळतात तो व्हेल्ड शॅमेलिऑन येमेन आणि सौदी अरेबियाच्या डोंगराळ भागातला. तिथे तो माश्या, टोळ आणि असे कितीतरी किडे खातो, झाडाची पानंही खातो आणि उघड्या उन्हात बसतो. पिंजऱ्यात त्याला रोज तोच पैदास केलेला रातकिडा मिळतो. तेव्हा जंगलाचा दाखला इथे लागू होत नाही.

‘भरपूर रातकिडे’ हा सल्ला तर उलटाच आहे. आहारात कॅल्शिअम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट हवं. रातकिड्यात फॉस्फरसच कॅल्शिअमच्या कित्येक पट असतो. दोन द्या नाहीतर वीस, प्रमाण तेच राहतं. रक्तातलं कॅल्शिअम कमी पडलं की पॅराथायरॉइड ग्रंथी ते हाडांतून ओढून घेतात, म्हणून भरल्या पोटी हाडं मऊ होतात. किडे देण्याआधी दिवसभर त्यांना शेवग्याचा पाला, गाजर असं चांगलं खाऊ घाला. मग पिशवीत चिमूटभर साधी कॅल्शिअम पावडर घालून किडे हलकेच घोळवा आणि लगेच द्या, कारण थोड्या वेळात ते अंग साफ करून टाकतात. डी३ जीवनसत्त्व असलेली पावडर मात्र महिन्यातून एक-दोनदाच. डी३ जास्त झालं तर मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शिअम साचतं.

खिडकीबद्दल : काचेतून ऊब येते, उजेड येतो, पण उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण जवळजवळ सगळे अडतात. तेच किरण कातडीत डी३ तयार करतात आणि डी३शिवाय पोटातलं कॅल्शिअम नीट शोषलं जात नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पँथर शॅमेलिऑनवरच्या अभ्यासात दिसलं की आहारात डी३ कमी असेल तर हा प्राणी स्वतःहून जास्त यूव्हीत जाऊन बसतो. त्याला गरज कळते. काचेमागे ती भागत नाही, एवढंच. सकाळचं थेट ऊन उत्तम, पण सोबत सावली आणि पाणी हवंच. आपल्या पावसाळ्यात ऊनच मिळत नाही, तेव्हा यूव्हीबी ट्यूब लागते. ती लख्ख पेटत असली तरी तिच्यातली यूव्हीबी हळूहळू संपते. सहा ते बारा महिन्यांत बदला.

मला सर्वांत जास्त टोचतं ते शेवटचं वाक्य. वाकून घट्ट झालेलं हाड पावडरीने सरळ होत नाही. उपचारांनी आजार थांबतो, बाक तसाच राहतो. म्हणून खुणा आधी ओळखा : वर चढायचं सोडून खाली बसून राहणं, फांदी धरताना पाय थरथरणं, चालताना स्वतःचाच पाय पकडणं, नेम चुकणारी किंवा आत न जाणारी जीभ. पुढच्या पायाला दुसरं कोपर फुटल्यासारखं दिसतं किंवा जबडा मिटत नाही, तोवर बराच उशीर झालेला असतो. मादीकडे दुप्पट लक्ष द्या. नर नसतानाही ती एका खेपेला कित्येक अंडी घालते आणि कॅल्शिअम कमी असेल तर ती पोटातच अडकू शकतात.

आणखी एक. मेसेजसोबतचा फोटो आपल्या रानातल्या घोयऱ्या सरड्याचा आहे. तो १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, पाळणं गुन्हा आहे.

वर सांगितलेली आजाराची एकही खूण दिसली तर घरातल्या माणसांच्या गोळ्या कुटून देऊ नका. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठा. एक्स-रे काढला की हाडं किती विरळ झालीत ते कळतं. नेताना त्याला फांदीवरून ओढून काढू नका, मऊ हाडं तेवढ्यानेही मोडतात. फांदीच कापा आणि त्याच्यासकट खोक्यात ठेवा.